पंचच्या आधी गप्प, पंचनंतर दंगा: विनोदी रॅप जोडीच्या शोला जाणाऱ्यांसाठी

रॅपच्या शोला जाऊन ओरडणं कुणालाही जमतं. पण स्टेजवर विनोदी रॅप करणारी जोडी असेल, तर कधी ओरडायचं यावर सगळी संध्याकाळ ठरते. नुसत्या दणक्याच्या रॅपमध्ये चार शब्द बुडाले तरी बीट सांभाळून घेतो. विनोदी रॅपमध्ये शेवटचा एक शब्द, म्हणजे जोक जिथे फुटतो तो पंच, बुडाला की अख्खा जोक जातो, आणि तो पुन्हा सांगताही येत नाही, कारण बीट पुढे निघून गेलेला असतो. मुंबई-पुण्यातल्या दीडशे-दोनशे माणसांच्या क्लबात अशा शोची निम्मी मजा चाहते उभी करतात, आणि शो फसतो तेव्हा बऱ्याचदा चाहत्यांच्याच उत्साहाची वेळ चुकलेली असते.

दोघांची कामं ओळखा

जोडीत एक जण ओळ टाकतो आणि दुसरा तिचं शेपूट पकडतो. कधी शेवटचे दोन शब्द तो सोबत म्हणतो, त्याला डबल म्हणतात. कधी मधल्या फटीत 'अरे', 'खरंच', 'बघ की' असं काही टाकतो, ते अ‍ॅड-लिब. आपल्याला हे काही नवं नाही. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी उभे असतात. ते 'जी जी रं जी' करून झील धरतात, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि पुढच्या कडव्याला भिडतो. लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात आज क्लब आहेत. त्याच गिरणगावात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने झिलीच्या जोरावर कामगारांच्या सभा गाजवल्या. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या सवाल उलटवतो, गोव्याच्या तियात्रात, म्हणजे कोकणी नाटकात, दोघं मिळून विनोदी कांतार, म्हणजे गाणं, म्हणतात आणि आवडलं की लोक ते पुन्हा म्हणायला लावतात. दोघांच्या रॅपची मुळं शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

चाहत्याच्या कामाचं सूत्र यातच आहे: तुम्ही तिसरे झीलकरी आहात. मुख्य गायकाची ओळ तुमची नाही, दुसऱ्याची झील मात्र तुमचीही आहे. फक्त समजण्यासाठी रचलेल्या या दोन ओळी घ्या:

दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही झोपतो सात,
कूस बदलायची तर आधी वर करायचा हात!

पहिली ओळ एकाची, दुसरी दुसऱ्याची. 'सात' ऐकल्यावर कान यमकाची वाट बघायला लागतो आणि 'हात' येताच वर्गातल्या पोरासारखं हात वर करून कूस बदलणारी सात माणसं डोळ्यांपुढे येतात. जोक त्या एका शब्दात आहे. गाणं आधी ऐकलं असेल, रॅपरने माइक तुमच्याकडे फिरवला असेल, तर 'हात!' हा शब्द तुमचा. तो ओरडायचा आणि हातही वर करायचा. गाणं नवं असेल तर मात्र त्या शब्दापर्यंत तोंड बंद. 'सात'वरच हूऽऽ केलं, तर मागच्या रांगेला 'हात' ऐकूच येत नाही.

शोआधीचा आठवडा

सगळी गाणी पाठ करायची गरज नाही. रॅपच्या गाण्यात साधारण ८ बारचा हूक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं धृपद, आणि १६ बारचे व्हर्स, म्हणजे कडवी, असतात. बार म्हणजे चार ठोके. बीट मिनिटाला ९० ठोक्यांचा असेल तर एक बार पावणेतीन सेकंदांचा होतो आणि १६ बारचा व्हर्स साधारण ४३ सेकंदांत संपतो. या ४३ सेकंदांत तुमचं काम जेमतेम सात-आठ जागी असतं.

जोडीची सगळ्यांत जास्त ऐकली गेलेली पाच-सहा गाणी निवडा. पहिले दोन दिवस फक्त हूक म्हणा. पुढचे दोन दिवस दुसऱ्या आवाजाच्या झिली शोधा. त्यासाठी हेडफोन लागतो, कारण रेकॉर्डिंगमध्ये डबल आणि अ‍ॅड-लिब बहुतेक वेळा डाव्या-उजव्या बाजूला ठेवलेले असतात आणि मोबाइलच्या स्पीकरवर ते विरून जातात. जिथे दुसरा आवाज येतो तेवढेच शब्द कागदावर उतरवा. मग गाणं लावून फक्त तेवढंच म्हणा, मुख्य आवाजाला हात लावू नका. हे जमलं की तुम्ही शोला तयार आहात.

पूर्ण व्हर्स पाठ असेल तर उत्तमच, पण तो शोमध्ये गळा काढून म्हणू नका. तुमच्या पुढे उभ्या असलेल्याच्या कानाला तुमचा आवाज दोन फुटांवरून येतो आणि रॅपरचा वीस फुटांवरून. त्याने तिकीट तुमच्यासाठी काढलेलं नसतं. ओठ हलवा, हूकला मोकळे सुटा.

सोबत नवखा मित्र नेताय? त्याला तीनच गाणी ऐकवा: एक हूकवालं, एक जिथे दोघं एकमेकांना उत्तरं देतात ते, आणि एक संथ. बोलीतले शब्द आधी समजावून सांगा. आगरी, मालवणी, वऱ्हाडी किंवा बंबईया शब्दावर जोक फिरत असेल आणि शब्दच माहीत नसेल, तर तो माणूस हसणाऱ्यांकडे बघत उभा राहतो आणि एकटा पडतो. शो चालू असताना कानात अर्थ सांगायला गेलात तर पुढचा जोक तुमचा आणि त्याचा, दोघांचाही हुकतो.

तिकीट, वेळ, वयाची अट

छोट्या क्लबचं तिकीट टप्प्याटप्प्याने महाग होतं. घोषणा जोडीच्या इन्स्टाग्रामवर होते, पहिला टप्पा संपला की दर चढतो. गाण्याच्या कार्यक्रमाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के लागतो. ५५० रुपयांचं तिकीट शेवटी बरंच महाग पडतं ते यामुळे, शिवाय अ‍ॅपचं शुल्क वेगळं. तिकिटावर 'कव्हर' लिहिलंय की 'एन्ट्री' ते बघा. कव्हरची रक्कम बऱ्याचदा खाण्यापिण्यात वळती होते, एन्ट्रीची होत नाही.

दारू मिळणाऱ्या बऱ्याच जागांवर २१ वर्षांखालच्यांना सोडत नाहीत. दारावर वाद घालून कुणीही आत गेलेलं नाही, त्यामुळे अट आधी वाचा आणि ओळखपत्र सोबत ठेवा. ओळखपत्राचा मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही.

उघड्यावरचा शो असेल तर छापील वेळ खरी धरा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद असतो. सरकार वर्षातले काही मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण त्यावर विसंबून कुणी शो आखत नाही. म्हणजे दहाला गाडी थांबणारच. सात वाजताचा शो साडेआठला सुरू होईल अशा हिशेबाने गेलात, तर मुख्य जोडीची बरीच गाणी हुकू शकतात. बंदिस्त क्लबात उशीर चालतो, तरीही पहिल्या कलाकाराच्या आधी पोहोचा. त्याच्या पंधरा मिनिटांत हॉलचा आवाज कसा आहे ते कळतं आणि जागा निवडता येते.

उभं कुठे राहायचं

स्टेजला चिकटून उभं राहण्याची हौस सगळ्यांना असते, पण शब्द ऐकायला ती हॉलमधली सगळ्यांत वाईट जागा आहे. मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंचावर असतात आणि त्यांचा आवाज पहिल्या रांगेच्या डोक्यावरून मागे जातो. समोर जमिनीवर असतात ते सब, म्हणजे नुसता बास. मोठ्या मैफलीत पहिल्या रांगेसाठी स्टेजच्या काठावर छोटे स्पीकर लावतात, छोट्या क्लबात ते बहुधा नसतात. त्यामुळे पहिल्या रांगेतल्याला छातीत धडधड मिळते आणि यमक हवेत जातं.

गाणी पाठ असतील आणि डोळ्यात डोळे घालून झील धरायची असेल, तर पहिली रांग घ्या. तिथे तुम्हाला शब्द ऐकायची गरज नाही, ते आत आहेतच. नवं साहित्य ऐकायला आला असाल तर मिक्सरच्या टेबलापुढे चार-पाच पावलांवर, मध्यावर उभे राहा. साउंडवाला जे ऐकून आवाज लावतो तेच तुम्हाला ऐकू येतं. भिंतीचा कोपरा टाळा, तिथे बास साचतो आणि व्यंजनं गिळतो.

माणसं कमी असतील तेव्हा मात्र हे सगळं विसरून पुढे या. दोनशेच्या हॉलात चाळीस जण आले की स्टेजपुढे दहा फुटांचं रिकामं अर्धवर्तुळ तयार होतं आणि सगळे भिंतीला पाठ लावतात. विनोदाला याहून घातक काही नाही. हसू शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातं, माणसं विखुरली की प्रत्येक जण आपल्याशीच हसतो आणि स्टेजवर काहीच पोहोचत नाही. दुसऱ्या गाण्याच्या आत कुणीतरी पहिलं पाऊल टाकावं लागतं. दोघं-तिघं मिळून सरळ मध्यावर जा, स्टेजपासून चार फुटांवर थांबा आणि मागे वळून हाताने बोलवा. एवढ्याने पाच मिनिटांत अर्धवर्तुळ भरतं. आम्हाला विचाराल तर चाहत्याने करावं असं सगळ्यांत मोलाचं काम हेच, आणि त्याला एकही गाणं पाठ असावं लागत नाही.

पाच-सहा जणांचा घोळका असेल तर एकत्र उभे राहू नका. दोन-दोन करून तीन ठिकाणी पसरा. एका कोपऱ्यातून आलेली आरोळी घोळक्याची वाटते. तीन बाजूंनी आली की ती हॉलची होते आणि बाकीचे आपसूक सामील होतात.

टाळी

भजनाच्या सवयीने आपली टाळी पहिल्या ठोक्यावर पडते. रॅपच्या बीटमध्ये स्नेअर, म्हणजे तो कडक 'टाक्', दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असतो. 'धम्-टाक्-धम्-टाक्' असं तोंडाने म्हणा आणि टाळी फक्त 'टाक्'वर द्या. पहिल्या-तिसऱ्यावर टाळी पडली की गाणं लेझीमसारखं वाटायला लागतं आणि रॅपरची सैलसर चाल मोडते. ट्रॅप नावाच्या रॅपप्रकाराच्या बीटमध्ये स्नेअर निम्म्या वेगाने येतो, म्हणजे बारमध्ये एकदाच, तिसऱ्या ठोक्यावर. तिथे टाळीपेक्षा मान किंवा हात हलवणं सोपं जातं.

गर्दीची टाळी नेहमी पळते. प्रत्येक जण शेजाऱ्याचं ऐकून किंचित घाई करतो, आणि मागच्यांना आवाजही उशिरा पोहोचतो. पंधरा मीटरवर तो सेकंदाच्या चार शतांशांनी मागे असतो. उपाय एकच, शेजाऱ्याकडे न बघता डीजेच्या मानेकडे बघा.

व्हर्स सुरू झाला की टाळी थांबवा. टाळीचा आवाज ज्या पट्ट्यात असतो, तिथेच च, ट, स, क यांची धारही असते. दोनशे टाळ्या पडत राहिल्या तर 'पगार' आणि 'पहार' यात फरक राहत नाही.

हशाचं गणित

चांगल्या जोकवरचा हशा तीन-चार सेकंद टिकतो, म्हणजे ९० च्या बीटवर एक ते दीड बार. तेवढ्या वेळात पुढची ओळ निघून जाते. जाणत्या जोड्या म्हणून मोठ्या पंचनंतर बीट तोडतात. डीजेचा हात फेडरवर किंवा पॅडवर जातो, संगीत कापलं जातं आणि शब्द उघडा पडतो. हा इशारा ओळखायला शिका. बीट तुटला म्हणजे तुम्हाला मोकळीक दिली आहे, पोट धरून हसा, शेजाऱ्याला ढकला, शिटी मारा. बीट परत आला की दोन ठोक्यांत आवाज खाली आणा.

बीट न तोडता पंच आला तर त्याला मागोमाग दुसरा पंच आहे असं समजा. पहिल्यावर हसू आलं तरी ओठांतच ठेवा, दुसऱ्यावर फुटा. अशी तीन ओळींची माळ असते तेव्हा सगळं वजन तिसरीवर असतं, आणि पहिल्याच ओळीला आरोळी ठोकणारा एक जण ती माळ तोडून टाकतो.

गाण्यांच्या मधली बडबड ही बतावणी असते, मोकळी जागा नव्हे. दोघं एकमेकांना टोमणे मारतात तेव्हा ते बऱ्याचदा पुढच्या गाण्याची पायरी बांधत असतात. त्यांनी सरळ प्रश्न विचारला तर एकाच शब्दात उत्तर द्या. 'कोण कोण डोंबिवलीचे?' याला हात वर करणं पुरतं, तिथे गर्दीच्या लोकलची कहाणी सांगू नका. न विचारता ओरडलेला जोक कितीही चांगला असला तरी त्याने दोघांची लय तुटते, आणि तोडलेली लय जोडायला त्यांचं एखादं मिनिट जातं.

फ्रीस्टाइलला शब्द देताना

बऱ्याच जोड्या शोच्या मध्यावर प्रेक्षकांकडून शब्द मागतात आणि त्यावर तिथल्या तिथे जोडतात. इथे चाहत्याचा हातभार थेट दिसतो. शब्द नाम असावा, दोन ते चार अक्षरांचा, डोळ्यापुढे येणारा, आणि त्याला यमकं भरपूर असावीत. 'वडापाव' दिलात तर गाव, नाव, भाव, घाव, डाव असा रस्ता खुला होतो. 'नारळ' दिलात तर सरळ, विरळ आहेतच. 'चष्मा' दिलात तर करिश्मा झाल्यावर गाडी अडते. अवघड शब्द देऊन जोडीला अडकवण्यात काहींना गंमत वाटते. एखादा अवघड शब्द ठीक, पण सलग तीन अवघड दिले की फ्रीस्टाइल कोसळते.

शब्दापेक्षा वस्तू दाखवणं अधिक चांगलं. खिशातला टिफिनचा चमचा, रेल्वेचा पास, घराच्या किल्ल्यांचा जुडगा वर धरा. वस्तू सगळ्यांना दिसते, त्यामुळे ओळ आधी ठरवलेली नव्हती हे हॉलला पटतं आणि हशा दुप्पट होतो. शिव्या, जात, कुणाचं दिसणं, शेजारी उभ्या मुलीचं नाव, हे शब्द म्हणून देऊ नका. रॅपरला नाही म्हणावं लागतं आणि हॉल थंड पडतो.

स्टेजवर बोलावलंच तर माइक कसा धरायचा ते आत्ताच शिकून ठेवा. तोंडापासून दोन-तीन बोटांवर, दांड्याला धरायचा. जाळीभोवती मूठ आवळली की आवाज घुसमटतो आणि शिटीही मारायला लागतो. माइक खाली सोडून जमिनीवरच्या मॉनिटर स्पीकरकडे तोंड केलं तरी तीच शिटी. हुकाचा एक फेरा म्हणा, माइक हातात द्या, उतरा. उडी मारून माइक खाली टाकणं व्हिडिओत छान दिसतं, पण दुरुस्तीचा भुर्दंड आयोजकाला पडतो.

कान आणि गळा

छोट्या क्लबात आवाज सहज १०० डेसिबलवर जातो. कामगारांच्या श्रवणसुरक्षेसाठी अमेरिकेतल्या नायॉश संस्थेने जे प्रमाण धरलंय त्यात ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधराच मिनिटं मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली.

केमिस्टकडे मिळणारे स्पंजचे बोळे स्वस्त आहेत आणि काहीच नसण्यापेक्षा कितीतरी चांगले, पण ते वरचे स्वर जास्त कापतात. म्हणजे बास राहतो, शब्द जातात. विनोदी रॅपला जाणाऱ्याने एकदाच पैसे घालून संगीतकारांचे फिल्टरवाले प्लग घ्यावेत. ते सगळे स्वर सारख्या प्रमाणात, साधारण १५ ते २० डेसिबलने खाली आणतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. स्पंजचेच वापरायचे तर बोळा चिमटीत बारीक वळा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट ठेवा. अर्धवट घातलेला बोळा जवळपास निरुपयोगी असतो. शोनंतर कानातली शीळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही थांबली नसेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

गळ्याचं सांगायचं तर ओरडताना 'ई'पेक्षा 'ओ' आणि 'आ' वापरा. तोंड उघडं राहतं, घसा आवळत नाही आणि आवाज लांब जातो. दोन तास आधी जेवा, दारावर बाटली काढून घेतात म्हणून रांगेतच पोटभर पाणी प्या. घसा बसला तर कुजबुजू नका, त्याने स्वरयंत्रावर उलट ताण येतो. गप्प बसणं हेच औषध.

धक्काबुक्की आणि गर्दी

विनोदी शोतही शेवटच्या दोन-तीन गाण्यांना मध्ये गोल मोकळा करून लोक एकमेकांवर आदळतात. दिल्लीच्या सीधे मौतसारख्या जोडीने हिंदी रॅपच्या चाहत्यांना या गोलाची चटक लावली आणि आता तो सगळीकडे दिसतो. आत जायचं असेल तर बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारा, चप्पल नको. चष्मा खिशात ठेवू नका, तो तिथेच फुटतो. बाहेरच्या मित्राकडे द्या. कोपरं अंगाशी, तळवे उघडे. कुणी पडला तर आजूबाजूच्या सगळ्यांनी थांबायचं, दोघांनी काखेत हात घालून उचलायचं, बाकीच्यांनी हात पसरून कडं करायचं. गोलाच्या कडेला उभ्या माणसाला आत ओढायचं नाही. मुली आत असतील तर धक्का खांद्याला, हात कुठेही नाही. यात सवलत नाही.

गोलापेक्षा खरा धोका दाटीचा असतो. हात वर उचलता येत नाहीत, पाय आपोआप सरकताहेत असं वाटलं की निघायची वेळ झाली. दोन्ही हात छातीपुढे मुठी वळून धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. धक्क्याच्या विरुद्ध ढकलू नका. लाट ओसरेल तेव्हा तिरकं एक-एक पाऊल टाकत कडेला सरका. आणि दार उघडल्यावर धावू नका. कोचीच्या कुसॅट विद्यापीठात २५ नोव्हेंबर २०२३ ला चार जणांचा जीव गेला तो कार्यक्रम सुरू होण्याआधी, प्रवेशाच्या पायऱ्यांवर.

काही जोड्यांचे चाहते आपले रिवाज घेऊन येतात. डेट्रॉइटच्या इन्सेन क्लाउन पॉसीचे चाहते स्वतःला 'जगलो' (Juggalo) म्हणवतात, विदूषकासारखे चेहरे रंगवतात, आणि स्टेजवरून त्यांच्यावर फेगो नावाच्या सोड्याचे फवारे उडतात. २००० सालापासून त्यांचा स्वतंत्र मेळावा भरतो. २०११ साली एफबीआयच्या अहवालात या चाहत्यांची गणना टोळीत झाली, तेव्हा ते २०१७ मध्ये वॉशिंग्टनला मोर्चा घेऊन गेले. एवढं आपलेपण एका विनोदी-भयानक जोडीभोवती उभं राहतं. यातला लक्षात ठेवण्याजोगा तपशील असा की सोडा स्टेजवरून खाली येतो. प्रेक्षकांतून स्टेजवर पाणी, बिअर, गुलाल काहीही उडवू नका. वर विजेच्या तारा, लॅपटॉप आणि माइक असतात.

मोबाइल

एक गाणं टिपा, बाकीचं बघा. फोन डोक्यावर न धरता छातीशी धरा, फ्लॅश बंद. सबपासून दूर उभं राहून टिपलं तर आवाज फाटत नाही. हूक टाकलात तर जोडीला मदत होते. नवा व्हर्स मात्र टाकू नका. विनोद पहिल्यांदा ऐकतानाच सगळ्यांत जोरात लागतो, आणि मुंबईच्या शोमधला पंच तुमच्या रीलमुळे पुण्याला आधीच पोहोचला, तर तिथल्या दोनशे जणांचं हसू तुम्ही खर्च करून टाकलंत.

शब्द ऐकू येत नसतील तर पुढून 'आवाज, आवाज' ओरडू नका. स्टेजवरच्यांना मॉनिटरमधून सगळं छान ऐकू येत असतं. दोन गाण्यांच्या मध्ये एकाने साउंडवाल्याकडे जाऊन नेमकं सांगावं: 'दुसऱ्याचा माइक खाली आहे' किंवा 'बासमध्ये शब्द बुडताहेत'. सांगून लगेच परत फिरायचं, तिथे उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत.

वन्समोर, टी-शर्ट, घर

नाट्यसंगीताच्या काळापासून आपल्याकडे वन्समोर मागतात, आणि रॅपच्या शोतही तो शोभतो, पण गाणं चालू असताना मागू नका. शेवटचा बार पडला, दिवे अजून लागलेले नाहीत, ती चार-पाच सेकंदं तुमची. गाण्याचं नाव ओरडलं तर दहा जण दहा नावं घेतात आणि कालवा होतो. त्याऐवजी हुकाचा पहिला शब्द 'टाक्'च्या तालात म्हणायला लागा, तीन बाजूंनी पसरलेले तुमचे मित्र उचलतील, आणि डीजेला कोणता बीट लावायचा ते आपोआप कळेल. हॉलचे दिवे लागले तर थांबा. जागेची वेळ संपलेली असते, आणि उशिराचा दंड जोडीच्या मानधनातून जाऊ शकतो.

टी-शर्ट शोनंतर लगेच घ्या, पण ५००ची नोट खिशात ठेवून. तळघरातल्या क्लबात शंभर जण एकदम यूपीआय उघडतात आणि नेटवर्क बसतं. मोठ्या साइजचे आधी संपतात, म्हणून ज्याला डबल एक्सएल लागतो त्याने मध्यंतरातच सांगून ठेवावं. टेबलामागे बऱ्याचदा जोडीतलाच एक जण घामाघूम उभा असतो. त्याला 'मस्त' म्हणण्यापेक्षा कोणत्या ओळीवर तुमच्या आजूबाजूचे सगळ्यांत जास्त हसले ते सांगा. स्टेजवर दिव्यांच्या झोतात त्याला ते दिसलेलं नसतं, आणि पुढच्या शोची यादी तो त्यावरूनच लावतो.

शेवटची लोकल एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या अ‍ॅपवर निघायच्या आधीच पाहून ठेवा. कर्जत-कसाऱ्याकडे जाणाऱ्यांनी वन्समोरच्या वेळी दाराजवळ उभं राहावं. शेवटची गाडी चुकली तर मग पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत फलाटावर थांबावं लागतं.